पहिली परदेशवारी, एकच थीम पार्क

मार्च उजाडला की मराठी वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत सहलींच्या पानभर जाहिराती दिसू लागतात. सिंगापूर, मलेशिया, थायलंड. आठ दिवसांत तीन देश. आणि कोपऱ्यात युनिव्हर्सल स्टुडिओजचा तो फिरता पृथ्वीगोल. मुलांची नजर गोलावर खिळते, आई-वडिलांची खालच्या आकड्यावर. आकड्याला तीन देशांनी भागलं की तो परवडण्यासारखा वाटू लागतो. ज्या कुटुंबाला पहिल्यांदाच परदेशी जायचंय, मुख्यतः मुलांसाठी जायचंय आणि हात राखून खर्च करायचाय, त्यांनी हा भागाकार करू नये असं माझं मत आहे. थीम पार्कच्या सहलीत पैसे वाचतात ते यादीतली नावं खोडल्याने. एक देश आणि एक पार्क धरावा, तारखा तिथल्या गर्दीचं पंचांग पाहून ठरवाव्यात आणि मूल राइडमध्ये बसण्याइतकं उंच झालं की निघावं. मग बाकीच्या काटकसरीला फार डोकं चालवावं लागत नाही.

असं म्हणण्याचं कारण थीम पार्कच्या तिकिटातच आहे. वॉल्ट डिस्नेने १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात अनाहाइमला डिस्नेलँड उघडलं, तेव्हा मोठ्या माणसाला प्रवेशासाठी एक डॉलर पडे आणि आतल्या प्रत्येक राइडचे पैसे वेगळे द्यावे लागत. आपल्याकडच्या जत्रेत पाळण्याचे आणि मौत का कुआँचे पैसे वेगवेगळे मोजतात, तसाच हा प्रकार. पुढे राइडच्या कुपनांची पुस्तकं निघाली आणि १९८२ मध्ये तीही बंद झाली. तेव्हापासून जगभरच्या मोठ्या पार्कांत साधारण एकच रीत आहे: दारात एकदा पैसे भरा, मग आत हव्या तितक्या वेळा बसा. म्हणजे ग्राहक आता राइड विकत घेत नाही, दिवसाचे तास विकत घेतो. पार्क सकाळी दहाला उघडून संध्याकाळी सातला बंद होत असेल तर हाती नऊ तास येतात. गर्दीच्या दिवशी नावाजलेल्या राइडला तासभर रांग सहज लागते. त्याच तिकिटावर एका कुटुंबाच्या पंधरा राइड होतात आणि दुसऱ्याच्या पाच. दोघांनी पैसे तेवढेच भरलेले असतात. तिकीट दोन-पाचशे रुपयांनी स्वस्त कुठे मिळेल हे शोधण्यात रात्री घालवणाऱ्यांनी हा फरक आधी लक्षात घ्यावा.

कुठे जायचं, याची यादी वाटते तेवढी लांब नाही. फ्लोरिडातलं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १९७१ पासूनचं, चार स्वतंत्र पार्कांचं, एखाद्या शहराएवढं. पण मुंबईहून थेट विमान नाही, अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाचं मूळ शुल्कच माणशी १८५ डॉलर आहे आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. शिवाय तिथे मूल दहा वर्षांचं झालं की त्याला मोठ्यांचं तिकीट लागतं. पहिल्या खेपेला हे नकोच. टोकियोजवळ डिस्नेचे दोन पार्क आहेत. त्यांतला २००१ चा डिस्नेसी अनेक जाणकारांच्या मते जगातला सर्वांत देखणा थीम पार्क, आणि तिकीट अमेरिकेच्या मानाने बरंच कमी. पण विमानप्रवास लांबचा आणि तिथलं जेवणखाण शाकाहारी कुटुंबाची परीक्षा पाहणारं. टोकियो दुसऱ्या वारीसाठी ठेवावं. उरतात तीन जवळचे पर्याय. हाँगकाँगचं डिस्नेलँड २००५ चं, आकाराने आटोपशीर. भारतीयांना तिथे ऑनलाइन पूर्वनोंदणी करून चौदा दिवसांपर्यंत राहता येतं आणि त्या नोंदणीला शुल्क नाही. अबू धाबीचं यास बेट मुंबईहून तीनेक तासांवर. तिथलं फेरारी वर्ल्ड आणि २०१८ मध्ये उघडलेलं वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड हे दोन्ही छताखाली, वातानुकूलित आहेत. आणि तिसरं सिंगापूरचं युनिव्हर्सल स्टुडिओज, सेंटोसा बेटावरचं, वीस हेक्टरांचं. मुलं सहाच्या आतली असतील तर मी हाँगकाँग म्हणेन. भर उन्हाळ्यात कमीत कमी खर्चात जायचं असेल तर अबू धाबीचा विचार करावा, कारण तिथल्या उकाड्यामुळे त्या दिवसांत हॉटेलांचे दर उतरतात आणि पार्क मात्र थंडगार असतात. हिशेब समजून घ्यायला सिंगापूर घेऊ, कारण पहिल्यांदा निघालेल्या मराठी घरांची पावलं बहुधा तिकडेच वळतात.

आई-वडील आणि दोन मुलं, चार रात्री, पाच दिवस. सिंगापूर डॉलर हिशेबाच्या सोयीसाठी सत्तर रुपये धरू. मे महिन्यातली मुंबईहून जाऊन-येऊन विमानाची तिकिटं, दोन-तीन महिने आधी काढली तर, माणशी तीस हजार धरली की एक लाख वीस हजार. व्हिसा माणशी तीस डॉलर, म्हणजे चौघांचे आठ हजार चारशे. वर एजंटाचे पैसे. हॉटेलची चौघांची खोली रात्री एकशे ऐंशी डॉलर धरली तर चार रात्रींचे पन्नास हजार. जेवण आणि शहरातला प्रवास दिवसाला एकशे वीस डॉलर, म्हणजे पाच दिवसांचे बेचाळीस हजार. युनिव्हर्सलचं तिकीट अलीकडे मोठ्यांना ऐंशी डॉलरच्या आणि मुलांना साठच्या आसपास. चौघांचे दोनशे ऐंशी डॉलर, म्हणजे एकोणीस हजार सहाशे. विमा, बारीकसारीक खरेदी आणि अडीअडचणीला वीस हजार. बेरीज दोन लाख साठ हजारांच्या घरात जाते. हे आकडे अंदाजाचेच आहेत, प्रत्येकाने आपल्या तारखांचे भाव घालून पाहावेत. पण प्रमाण फारसं हलणार नाही. ज्या पार्कासाठी हा सगळा खटाटोप, त्याच्या वाट्याला एकूण खर्चाचा तेरावा-चौदावा हिस्सा येतो. बाकी सगळे पैसे त्याच्या दारापर्यंत पोचण्याचे आहेत.

हे प्रमाण एकदा ध्यानात आलं की काटकसरीची दिशा बदलते. पार्कातले चार तास वाचवून त्यात अर्ध्या दिवसाचं शहरदर्शन बसवणं म्हणजे दोन लाख चाळीस हजारांनी मिळवलेली वेळ फुकट घालवणं. उलट विमान आणि हॉटेल या दोन खर्चांत तारीख नीट निवडल्याने जे वाचतं, त्याच्या जवळपासही तिकिटावरच्या सवलती जात नाहीत. आणि आणखी एक देश जोडला की काय होतं? सामान बांधायला आणि उलगडायला एक दिवस, विमानतळावर किंवा बसमध्ये एक, नव्या हॉटेलच्या रात्री वेगळ्या. लहान मुलांच्या लेखी यातला एकही तास सहलीचा नसतो.

आता उंचीकडे वळू. मला वाटतं, या विषयातली सर्वांत दुर्लक्षित बाब हीच आहे. प्रत्येक मोठ्या राइडच्या तोंडाशी एक मोजपट्टी उभी असते. कर्मचारी मुलाला तिच्याशी टेकून उभं करतो, आडवी दांडी डोक्याशी आणतो, आणि दांडीखालून डोकं सुटलं तर हसून पण ठामपणे बाजूला काढतो. तिथे रदबदली चालत नाही, चालूही नये. सुरक्षा दांडा अंगाला नीट बसण्याचा तो प्रश्न असतो. युनिव्हर्सल सिंगापूरमध्ये ट्रान्सफॉर्मर्सला १०२ सेंटिमीटर लागतात, जुरासिक पार्कच्या पाण्यातल्या राइडला १०७, ममीच्या अंधाऱ्या रोलर कोस्टरला १२२ आणि बॅटलस्टार गॅलॅक्टिकाच्या दोन्ही कोस्टरना १२५. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यानुसार पाच वर्षांचं मूल सरासरी ११० सेंटिमीटरच्या आसपास असतं, सात वर्षांचं १२१ आणि आठ वर्षांचं १२७. म्हणजे पाच वर्षांच्या मुलाला घेऊन गेलेल्या आई-वडिलांनी तिकीट पूर्ण काढलं तरी पार्कातल्या सर्वांत मोठ्या आकर्षणांच्या दारावरून त्याला परतावं लागणार. आठव्या वर्षी मात्र जवळपास सगळी दारं उघडतात.

दुसऱ्या टोकाला वयाची मर्यादा आहे. सिंगापूरच्या युनिव्हर्सलमध्ये मुलांचं तिकीट चार ते बारा वर्षांपर्यंत, हाँगकाँग डिस्नेलँडमध्ये तीन ते अकरा. विमान कंपन्या बाराव्या वर्षापासून पूर्ण प्रवासी धरतात. ही सगळी बंधनं एकावर एक ठेवली की आठ ते अकरा हा चार वर्षांचा पट्टा उरतो. या वयात मूल राइडला पुरेसं उंच असतं, दिवसभर चालू शकतं, रांगेत उभं राहू शकतं, पाहिलेलं त्याच्या लक्षात राहतं आणि पैसे मात्र अजून लहानाचेच पडतात. दोन भावंडांत तीन-चार वर्षांचं अंतर असेल तर धाकटं साताचं होईपर्यंत थांबणं बहुधा फायद्याचं. तेवढं थांबता येत नसेल तर पार्कांमध्ये एक सोय असते, ती पुष्कळांना ठाऊक नसते: एका पालकाने मोठ्या मुलाबरोबर राइड करायची, दुसऱ्याने धाकट्याला घेऊन बाहेर थांबायचं, आणि मग पुन्हा पूर्ण रांग न लावता पालकांनी अदलाबदल करायची. सिंगापूरला तिला चाइल्ड स्विच म्हणतात, डिस्नेकडे रायडर स्विच. राइडच्या दाराशीच विचारायचं, वेगळे पैसे पडत नाहीत.

‘मूल दोन वर्षांचं असतानाच जाऊ, त्याचं तिकीट लागत नाही’ असाही एक हिशेब ऐकू येतो. तो अर्धवट आहे. पार्काचं तिकीट वाचतं हे खरं, दोन वर्षांच्या आत विमानाचंही नाममात्र लागतं. पण बाबागाडी, दुपारची झोप, दूध-भात, आणि तासाभरात दमून रडवेलं झालेलं पोर सांभाळताना त्या घरातल्या कोणालाच पार्क धड पाहता येत नाही. ज्याच्यासाठी जायचं त्याला काही आठवणारही नाही. मोठ्यांना फिरायचं असेल तर तसं म्हणून जावं. थीम पार्क त्यासाठी महागडी जागा आहे.

तारखांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे आणि त्याचं उत्तर आपल्या नव्हे, यजमान देशाच्या कॅलेंडरमध्ये असतं. सिंगापूरच्या शाळांना मे महिन्याच्या अखेरीस सुट्टी लागते ती जूनभर चालते. वर्षअखेरची सुट्टी नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबर संपेपर्यंत. महाराष्ट्रातल्या शाळा मेच्या सुरुवातीला बंद होऊन जूनच्या मध्याला उघडतात. या दोहोंत साधारण तीन आठवड्यांची फट राहते: आपली मुलं मोकळी, तिथली वर्गात. मेचा पहिला आठवडा ओलांडल्यावर, मंगळवार ते गुरुवारच्या दरम्यान पार्कात गेलं तर रांगा निम्म्यावर आल्याचं जाणवतं. हेच कुटुंब ‘मेमध्ये महाग पडतं’ म्हणून ८-१० जूनला गेलं तर विमानात चार पैसे वाचतीलही, पण पार्कात अख्खं सिंगापूर समोर उभं असेल. मग रांग टाळायला एक्स्प्रेस पास घ्यावासा वाटतो आणि गर्दीच्या दिवशी तो पासच तिकिटाच्या तोडीचा होतो. विमानात वाचवलेलं तिथे दारात जातं.

दिवाळीची सुट्टी ऐकायला सोयीची, पण तिच्यात दोन खाचखळगे आहेत. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चीनची राष्ट्रीय सुट्टी असते आणि त्या दिवसांत हाँगकाँगला मुख्य भूमीवरून लोटच्या लोट येतात. दिवाळी लवकर असलेल्या वर्षी पुढे-मागे तारखा काढताना हे पाहून घ्यावं. सिंगापूरला सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत काही संध्याकाळी हॅलोविनचा वेगळ्या तिकिटाचा भुताखेतांचा कार्यक्रम असतो, आणि अशा दिवशी नेहमीच्या पाहुण्यांना पार्क लवकर रिकामा करावा लागतो. तिकीट तेच, तास कमी. तारीख पक्की करण्याआधी पार्काच्या अधिकृत संकेतस्थळावर त्या दिवसाची उघडण्या-मिटण्याची वेळ पाहायला दोन मिनिटं लागतात, आणि ती दोन मिनिटं बहुतेक जण देत नाहीत. जपानचं सांगायचं तर २९ एप्रिल ते ५ मे हा त्यांचा गोल्डन वीक, तेवढा चुकवावा. टोकियो डिस्नेने तर २०२१ पासून तिकिटाचे दरच तारखेनुसार कमी-जास्त केले, त्यामुळे तिथे कॅलेंडरवरचा आकडा पाहूनच गर्दीचा अंदाज येतो. हाँगकाँगलाही दिवसानुसार दर आहेत. स्वस्त दिवस म्हणजे मोकळा दिवस. पैसे आणि वेळ दोन्ही एकदम वाचवणारी ही एकमेव जागा.

मुक्कामाच्या बाबतीत एकच गोष्ट तपशिलात सांगतो, कारण तिच्यात रोजचे पैसे आहेत. पार्काशेजारच्या रिसॉर्टमध्ये राहायची गरज नाही. सिंगापूरच्या मेट्रोची जांभळी रेघ लिटल इंडियाहून थेट हार्बरफ्रंटला जाते, मध्ये गाडी बदलावी लागत नाही. हार्बरफ्रंट स्टेशनवरच व्हिवोसिटी नावाचा मॉल आहे. त्याच्या वरच्या मजल्यावरून सेंटोसाची मोनोरेल सुटते, तिला माणशी चार डॉलर. पण मॉलच्या बाहेर पडून समुद्रावरच्या लाकडी पुलावरून चालत गेलं तर दहा-पंधरा मिनिटांत तुम्ही बेटावर असता आणि एक पैसाही लागत नाही. चौघांचे सोळा डॉलर म्हणजे अकराशे रुपये. तेवढ्यात लिटल इंडियात चौघांचं साधं रात्रीचं जेवण होतं. सेरंगून रोडवरचं कोमला विलास १९४७ पासून शाकाहारी ताट वाढतं आहे, आणि शहरभरच्या हॉकर सेंटरांत पाच-सात डॉलरला पोटभर एक डिश मिळते. नळाचं पाणी पिण्याजोगं असल्याने बाटल्या घरूनच न्याव्यात. एक मात्र पाहून घ्या: तिथल्या बऱ्याच हॉटेलांत एका खोलीत तिघांहून जास्त माणसं ठेवत नाहीत. दोन मुलांना घेऊन साधी डबल रूम बुक करून गेलात तर दारात दुसरी खोली घ्यावी लागेल. बुकिंग करतानाच मुलांची वयं भरावीत.

पार्कातल्या दिवसाची आखणीही याच तर्काने होते. दार उघडायच्या अर्धा तास आधी पोचावं आणि पहिल्या तासात सर्वांत लांब रांगेच्या दोन राइड उरकाव्यात, कारण तो तास पुन्हा दिवसभर मिळत नाही. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर असल्याने दुपारी वीज-पाऊस येणं नेहमीचं; विजा चमकू लागल्या की उघड्यावरचे कोस्टर थांबवतात. म्हणून उघड्या राइड सकाळी, ट्रान्सफॉर्मर्स आणि ममीसारख्या छताखालच्या दुपारी. लोक बारा-साडेबाराला जेवायला बसतात तेव्हा रांगा जरा आखडतात. अकराला किंवा दोनला जेवणाऱ्यांचा फायदा होतो. बाहेरचं खाणं आत नेण्याचे नियम पार्कागणिक वेगळे आहेत, ते आधी वाचून जावेत. या नियमावरून शांघायच्या डिस्नेलँडवर एका विद्यार्थिनीने २०१९ मध्ये दावा लावला होता आणि पार्काला नियम सैल करावा लागला. चिवडा-लाडवांचा डबा हा केवळ मराठी हट्ट नाही, एवढं त्यावरून म्हणायला हरकत नाही.

आता आक्षेपांकडे. पहिला आणि सर्वांत जोराचा: ‘एवढे पैसे घालून जायचं, पुन्हा कधी जाणं होईल न होईल, मग एकच ठिकाण पाहून परत यायचं?’ या म्हणण्यामागची भावना खरी आहे. परदेशप्रवास आयुष्यात एकदाच, असं मानणाऱ्या पिढीने आपल्याला वाढवलंय. पण एकच पार्क म्हणजे एकच दिवस नव्हे. उरलेल्या तीन दिवसांत सिंगापूर स्वतः आहे: गार्डन्स बाय द बेचा उघडा भाग आणि तिथला रात्रीचा प्रकाशखेळ फुकट, १९९४ पासूनची नाइट सफारी आहे, नदीकाठ आहे. सगळं मेट्रो आणि बसच्या टप्प्यात. आणि ‘पुन्हा जाणं होणार नाही’ हे गृहीत सहल महाग केल्यानेच खरं ठरतं. पाच लाखांची तीन देशांची सहल दहा वर्षांत एकदा होते, अडीच लाखांची एका देशाची बहुधा दोनदा.

दुसरा आक्षेप पॅकेजचा. ‘स्वतः करण्याच्या भानगडीत कशाला पडायचं, टूरवाल्यांना घाऊक दर मिळतात, ते स्वस्तच देतात.’ यात तथ्य आहे. मराठी मध्यमवर्गाला परदेश दाखवण्याचं मोठं श्रेय १९८४ साली सुरू झालेल्या केसरी टूर्ससारख्या आणि पुढे २०१३ मध्ये आलेल्या वीणा वर्ल्डसारख्या मराठी कंपन्यांना आहे. सोबत मराठी बोलणारा टूर मॅनेजर, वेळेवर वरण-भात, व्हिसाची काळजी नाही. बरोबर आजी-आजोबा असतील, इंग्रजीची धास्ती असेल तर ती सोय पैसे मोजण्याजोगी आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. माझं म्हणणं पार्कपुरतं आहे. चाळीस जणांची बस सगळे चढल्याशिवाय सुटत नाही. पार्कात ती अकराला पोचली आणि पाचला परत बोलावलं तर नऊ तासांचे सहा होतात, आणि गेलेल्यांत तो पहिला मोलाचा तास असतो. ग्रुपने जायचं तर जरूर जा, पण बुकिंगच्या वेळी एकच प्रश्न विचारा: पार्कात आम्ही किती वाजता पोचणार आणि किती वाजता निघणार? लेखी उत्तर घ्या. शिवाय दोन भावांची तुलना करताना टीसीएस विसरू नका. परदेशी सहलीच्या पॅकेजवर कंपनी हा कर आपल्याकडून आधीच वसूल करते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात लाखांपर्यंत पाच टक्के आणि त्यापुढे वीस टक्के असा दर लावला गेला; पुढे अर्थसंकल्पांनी त्यात फेरफार केले, तेव्हा चालू दर विचारूनच घ्यावा. हे पैसे बुडत नाहीत, विवरणपत्र भरताना करात वळते होतात किंवा परत मिळतात, पण तोपर्यंत अडकून राहतात. फक्त विमानाचं किंवा फक्त हॉटेलचं बुकिंग पॅकेजमध्ये मोडत नाही.

‘मग खोपोलीचं इमॅजिका काय वाईट आहे?’ हा तिसरा प्रश्न, आणि तो चेष्टेने विचारला जात असला तरी मी तो गंभीरपणे घेतो. २०१३ पासून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाजवळ असलेला हा पार्क परदेशवारीला पर्याय आहे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं. रंगीत तालीम म्हणून मात्र तो उत्तम आहे. आपल्या मुलाला कोस्टरची भीती वाटते का, चाळीस मिनिटांची रांग त्याला सोसते का, अंधाऱ्या राइडमध्ये ते रडतं का, हे एका दिवसात आणि काही हजारांत कळतं. तिथे पहिल्याच वळणावर ‘मला घरी जायचंय’ म्हणणाऱ्या मुलासाठी अडीच लाख घालायची घाई करू नये. प्राणिसंग्रहालय किंवा समुद्रकिनारा त्याला जास्त आवडेल.

कर्ज काढून, ‘आता फिरा, नंतर भरा’ पद्धतीने जाण्याबद्दल माझं मत सरळ आहे: जाऊ नये. अडीच लाखांची सोय करायला दीड वर्ष महिना चौदा हजारांचं आवर्ती खातं पुरतं. तेवढ्या काळात मूल चार-पाच बोटं उंचही होतं, ही वाट पाहण्याची भरपाई. मुलांनाही या तयारीत ओढावं. दोन पार्कांतला कोणता हे त्यांनी नकाशे पाहून ठरवलं तर ऐनवेळचे रुसवेफुगवे कमी होतात.

पैसे नेण्याच्या बाबतीत दोनच सूचना. साध्या क्रेडिट कार्डावर परदेशी खर्चाला बँका साडेतीन टक्क्यांपर्यंत जादा लावतात आणि त्यावर जीएसटी. फॉरेक्स कार्ड किंवा कमी आकारणीचं कार्ड आधी घ्यावं. आणि दुकानातल्या यंत्राने ‘रुपयांत की स्थानिक चलनात?’ असं विचारलं तर नेहमी स्थानिक चलन निवडावं, कारण रुपयांचा तिथला दर तुमच्या फायद्याचा नसतो.

तारीख आणि बुकिंग यांच्याही आधी करायची दोन कामं घरबसल्या होतात. कपाटातून सगळे पासपोर्ट काढून त्यांवरच्या मुदतीच्या तारखा पाहा: परतीनंतरही सहा महिने शिल्लक राहायला हवेत, आणि मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो हे बहुतेक घरांत विमानतळाच्या तोंडावर आठवतं. नवा काढायचा तर मोठ्यांना दीड हजार, मुलांना हजार रुपये शुल्क आहे. मग मुलांना चपला काढून भिंतीशी उभं करा आणि उंची मोजा. १२२ सेंटिमीटरला अजून चार कमी असतील तर पुढच्या मेचं बुकिंग करा.